कोतात्सूतली ऊब

दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी शहाणा माणूस मासिकात लेख लिहितो, की उनेमोतो कंपनीचं 'तामा' हे गेमचं यंत्र बाजारात का हरलं. लेखात आमच्या यंत्राचा फोटो असतो आणि त्याच्या खाली बाबांचा. बाबांचा फोटो नेहमी तोच, ओठ घट्ट मिटलेले. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस जन्मात हसला नसेल. खरं तर अख्ख्या ओसाकात त्यांच्याइतका टवाळ माणूस शोधून सापडला नसता, पण कॅमेरा समोर आला की ते खांबासारखे उभे राहायचे.

लेखात काय असतं तेही मला आता पाठ झालंय. डिस्कचे दिवस आले तरी म्हातारा कॅसेटला चिकटून बसला. कॅसेट महाग, डिस्क स्वस्त. गेम बनवणाऱ्या कंपन्या आधी सोडून गेल्या, त्यांच्या मागोमाग पोरं गेली, पोरांच्या मागोमाग दुकानदार. म्हाताऱ्याला काळ कळला नाही. यातलं शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळं खरं आहे. त्या एका वाक्यापायी मी दोन मासिकांची वर्गणी बंद केली.

काळ बाबांना माझ्याही आधी कळला होता. ते हरले ते एका कोतात्सूपायी, म्हणजे पाय शेकायच्या टेबलापायी, आणि त्या कोतात्सूत माझेही पाय होते.

आमची कंपनी मुळात अबॅकस बनवणाऱ्यांची. तामा म्हणजे मणी. यंत्राचं नावही त्यावरूनच पडलं. आजोबांच्या काळात ओसाकात फक्त दुकान आणि गोदाम होतं, आणि खरं काम व्हायचं हारिमाच्या डोंगरात, कुरितानी नावाच्या गावी. तिथल्या घराघरांत लाकडाचे मणी कातले जायचे. गावातला सगळ्यात चांगला कारागीर होता गेंझो. बाबा शाळेच्या सुट्टीत त्याच्याकडे जाऊन राहायचे, त्याच्या कातकामाच्या भुशात लोळायचे. बाबांना तो तेव्हापासून 'छोटे मालक' म्हणायचा, आणि छोट्या मालकांचे केस पांढरे झाले तरी ते छोटेच राहिले.

मग कॅलक्युलेटर आले आणि अबॅकस कुणी विकत घेईना. तोवर आजोबा वारले होते. कुरितानीला जाऊन काम बंद झाल्याचं बाबांनीच सांगितलं. गेंझो ओसरीवरून उठला म्हणे, आत गेला, आणि पिशवीभर चेस्टनट आणून बाबांच्या हातात दिले. म्हणाला, वाटेत खायला असू देत. बाबा सांगायचे, त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्या चेस्टनटनी बांधला गेलो. तिथेच जमिनीवर बसून त्यांनी शब्द दिला, की पुढे जे काही करीन त्यात हाताचं काम असेल तर ते याच गावात येईल आणि पुन्हा कधी उठणार नाही.

असा शब्द बरेच लोक देतात. बाबांनी पाळला. पहिला तामा निघाला तेव्हा कॅसेट जोडायचं काम कुरितानीत गेलं. आतली पट्टी बसवणं, डाग देऊन तारा जोडणं, खोका बंद करणं, स्क्रू पिळणं, वर चित्र चिकटवणं, सगळं तिथल्या बायकांच्या हातचं. कॅसेट दगडासारखी व्हायची. पोरानं जिन्यावरून फेकली, बाथटबमध्ये बुडवली, कुत्र्यानं चावली, तरी वाळवून घातली की चालायची. पहिला तामा घरोघर गेला त्याचं निम्मं कारण हे होतं.

मी तेव्हा कंपनीत होते. गेम बनवणाऱ्या बाहेरच्या लोकांशी बोलणं, त्यांना सांभाळणं हे माझं काम. ऑफिसात मी बाबांना इतरांसारखंच 'शाचो' म्हणायचे, म्हणजे अध्यक्ष. घरी बाबा. भांडण ऑफिसात सुरू होऊन घरी संपलं तर मधे कुठंतरी संबोधन बदलावं लागायचं, आणि तेवढ्यात अर्धा राग जायचा.

नवा तामा उन्हाळ्यात बाजारात आला. चांगला होता. आज त्यालाच लोक रत्न वगैरे म्हणतात. पण त्याच्या आधीच टोकियोवाल्यांनी आपलं डिस्कवालं यंत्र काढलं होतं, हलकं, चपटं, झाकण दाबलं की खटकन उघडणारं. त्यांची डिस्क चार दिवसांत छापून दुकानात पोचायची. आमची कॅसेट मागवायची तर गेमवाल्याने चार महिने आधी सांगायचं, पैसे आधी मोजायचे, आणि माल खपला नाही तर घरात रचून बसायचं. शिवाय डिस्कमध्ये बोलणारे आवाज, गाणी, हलती चित्रं, सगळं मावायचं. आमच्यात मावायचं नाही. उन्हाळा संपेपर्यंत माझ्या टेबलासमोर लोक येऊन वाकून माफी मागून जायला लागले. कुणी तोंडावर 'सोडतो' म्हणालं नाही. म्हणायचे, जरा विचार करतो. त्यांचा विचार दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दिसायचा, टोकियोवाल्यांच्या जाहिरातीत.

शेवटी इकुशिमा-सान राहिले. हे बाबांचे शोगीतले, म्हणजे जपानी बुद्धिबळातले भिडू, क्योतोचे. त्यांच्या गेमचे सगळे भाग आमच्याच यंत्रावर आले होते. नवा भाग कधी येतो म्हणून पोरं दुकानांबाहेर रांगा लावून बसायची. तो आमच्याकडे आला तर आम्ही वाचणार, नाही आला तर नाही. हे ऑफिसातल्या चहावालीलासुद्धा माहीत होतं. डिसेंबरात ते आले. शोगीचा पट मांडला नाही. एरवी क्योतोचा माणूस सरळ बोलायला लागला की आमच्यात म्हणतात, आता भूकंप होणार. ते सरळ बोलले.

"उनेमोतो-सान, माझ्या पोरांनी जे बनवलंय ते तुमच्या कॅसेटमध्ये बसत नाही. कापून बसवा म्हटलं तर पोरं मला सोडून जातील. डिस्कवाला तामा काढा. मी थांबतो. पण दारावरचे पाइन उतरायच्या आत सांगा, त्यापुढे माझ्या हातात नाही."

नव्या वर्षाला दारावर लावलेल्या पाइनच्या फांद्या आमच्याकडे पंधरा जानेवारीला उतरतात. म्हणजे महिनाभराचा वेळ होता.

डिस्कवाला तामा आमच्या माणसांनी गुपचूप बनवूनही ठेवला होता. तो कपाटात, टॉवेलखाली होता. बाबांनी तो हातात घेतला, उलटा करून पाहिला, आणि चांगला आहे म्हणाले. अडचण यंत्राची नव्हतीच. डिस्क दुसऱ्या एका शहरात, मोठ्या कारखान्यात छापली जाते. तिला कुरितानीच्या हातांची गरज नसते. डिस्क आली की कुरितानी बंद. या वेळेला मीच तोंड उघडलं, कारण इतर कुणी उघडणार नव्हतं.

"शाचो, कुरितानीत घरं किती आणि आपल्याकडे माणसं किती?"

"मोजणी मला नको शिकवूस. अबॅकसवाल्याचा पोरगा आहे मी."

"मग सरकवा की मणी."

ते हसले. म्हणाले, "सरकवलाय गं कधीच. फक्त जमिनीवर बसून दिलेला शब्द जमिनीवर बसूनच परत मागावा लागतो. फोनवर नाही, माणूस पाठवून नाही. नव्या वर्षाला भेटायला जातोच आपण. तेव्हा सांगतो."

आणि मी दाराशी पोचल्यावर मागून म्हणाले, "योकान आण. जड बघून आण."

माफी मागायला जाताना आमच्याकडे योकान नेतात. लाल घेवड्याची गोड, घट्ट वडी, विटेएवढी, आणि डब्यात अशा कितीतरी. बिस्किटं नेली तर समोरच्याला वाटतं, याला स्वतःच्या चुकीचं ओझं वाटत नाही. डबा हातात घेताच मनगट खाली गेलं पाहिजे. मी दुकानातला सगळ्यात मोठा डबा घेतला. दुकानातल्या बाईनं माझ्याकडे असं पाहिलं, की बिचारीच्या हातून काय घडलंय कोण जाणे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. गाडी मी चालवत होते. बाबा मांडीवर डबा घेऊन बसले होते, मागे ठेवा म्हटलं तरी ठेवला नाही. रस्ता मोकळा मिळाला म्हणून ठरल्यापेक्षा बरेच लवकर पोचलो. हे लवकर पोचणंच आम्हाला भोवलं.

गेंझोच्या दाराशी गाडी थांबली तेव्हा आतून कसलंतरी संगीत ऐकू येत होतं. आम्ही हाक मारली आणि ते एकदम बंद झालं. त्याच्या बायकोचा, सुए काकूंचा आवाज आला, "आले आले, जरा पसारा आहे हो." आत धावपळ झाली, एक लहान मुलगी दोनदा काहीतरी बोलली, तिला कुणीतरी दटावलं. दार उघडलं तेव्हा सुए काकूंना धाप लागली होती. नात मागच्या दाराने शेजारी पळाली होती.

गेंझो आमची वाट बघत बसल्यासारखा दिसत होता. अंगात काळा किमोनो, त्यावर घराण्याची खूण, खाली हाकामा, चुण्यांचा घोळदार पायघोळ. असा पेहराव लग्नाला नाहीतर देवळात करतात. नव्या वर्षाच्या भेटीला एवढं कशाला, असं माझ्या मनात आलं. वाटलं, जुनी माणसं, छोट्या मालकांचा मान ठेवतात. त्या वेळी एवढाच विचार केला आणि सोडून दिला.

"या छोटे मालक, या चिगुसा-चान. गारठून आला असाल. घाला, पाय घाला आत."

खोलीच्या मधोमध कोतात्सू होता, बुटकं टेबल, त्यावरून चारी बाजूंनी जमिनीपर्यंत लोळणारी जाड रजई. टेबलाच्या पोटात विजेची शेगडी असते. डोंगरातली थंडी अशी की तिथं लोक नोव्हेंबरात तिच्यात पाय घालतात ते मार्चात काढतात. बाबांना मानाच्या जागी बसवलं, मी त्यांच्या शेजारच्या बाजूला. आम्ही रजई उचलून पाय सरकवले.

आत गार होतं, अगदी बाहेरच्या अंगणाइतकं. मला वाटलं, वीज गेली असेल. पण वरचा दिवा चालू होता. मग माझ्या अंगठ्याला काहीतरी लागलं. चपटं, गुळगुळीत, एका बाजूला वायर. बघायची गरज नव्हती. टोकियोवाल्यांचं ते यंत्र आम्ही ऑफिसात इतक्या वेळा उघडून, मोजून परत जोडलं होतं, की झोपेतसुद्धा ओळखलं असतं. टीव्हीमागून एक वायर लोंबत होती, तिचं टोक मोकळं. शेगडी का बंद केली तेही लगेच कळलं. चालू ठेवली असती तर वरच्या धगीनं त्या यंत्राचं झाकण वाकडं झालं असतं.

मी बाबांकडे पाहिलं. ते पेला दोन्ही हातांत धरून चहा पीत होते आणि गेंझोच्या गुडघ्यांची चौकशी करत होते. बोलता बोलता त्यांनी मांडी सावरली. टाच सरकली असावी.

खट.

झाकण उघडलं. तो आवाज तेव्हा देशातल्या पोरासोरांना पाठ होता, जाहिरातीच्या शेवटी तोच असायचा. सुए काकूंच्या हातातली किटली तशीच राहिली. गेंझोनं मान खाली घातली आणि स्वतःच्या हातांकडे बघत बसला. त्याची सून त्याच गावात आमच्या कॅसेट जोडायची. त्याच कॅसेटच्या कामावर हे घर उभं होतं. मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलेल, आणि मनापासून वाटलं, की कुणी बोलू नये.

बाबांनी पेला खाली ठेवला. रजई आणखी वर, पोटापर्यंत ओढून घेतली.

"वा," ते म्हणाले, "काय ऊब आहे हो, सुए-सान. ओसाकात अशी ऊब नाही मिळत."

सुए काकू किमोनोच्या बाहीनं तोंड झाकून आत निघून गेल्या. पुढचा तासभर आम्ही त्या गारठ्यात पाय घालून बसलो. रानडुकरांनी कुणाची रताळी खाल्ली, कुणाच्या पोराचं लग्न मोडलं, यंदा चेस्टनट किडले, असं सगळं बोलणं झालं. गेंझोनं मधे एकदा घसा साफ केला, हात मांडीवर नीट ठेवले आणि "छोटे मालक, एक सांगायचं होतं," म्हणून सुरुवात केली. मग थांबला आणि म्हणाला, "चहा घ्या अजून." बाबांनीही एकदा डबा पुढे ओढला, त्यावर हात ठेवला, आणि परत काढला. माझी बोटं बधिर झाली होती. मी मनातल्या मनात ओरडत होते, बोला, कुणीतरी बोला.

निघताना बाबांनी डबा दिला. "नव्या वर्षाचं," म्हणाले. गेंझोनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि त्याचे हात खाली गेले. त्यानं वर पाहिलं. बाबा बूट घालत होते.

घाट उतरताना एका वळणावर बाबा म्हणाले, गाडी थांबव. खाली उतरले, झाडाआड जाऊन आले, आणि गाडीला टेकून उभे राहिले. मी काच खाली केली.

"तुम्ही बोलला नाहीत, बाबा."

"नाही."

"का?"

"काय बोलणार होतो? पायाशी टोकियोवाल्यांचं यंत्र, आणि मी म्हणू, गेन-सान, काम बंद? त्याला मरेपर्यंत वाटलं असतं, की नातीच्या खेळण्याचा राग मी गावावर काढला. नात मोठी होऊन म्हणाली असती, माझ्यामुळे गाव बसलं."

"मग पुढच्या आठवड्यात परत येऊ. पाइन उतरायला वेळ आहे अजून."

"पुढच्या आठवड्यात ते यंत्र तिथं नसेल, पण आम्हा दोघांच्या मधे असेलच की."

मला असा राग आला की स्टिअरिंगवर हात आपटला. म्हटलं, भीड भिकेची बहीण असते, ऐकलंय ना? एका म्हाताऱ्याला अवघड वाटू नये म्हणून सगळ्यांच्या पोटावर पाय आणताय तुम्ही. ऑफिसातल्या लोकांनाही नाती आहेत. मी आणखी बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कारण ते खरं होतं. मग दार उघडून आत येऊन बसले आणि मोजे काढून पाय चोळायला लागले.

"गार पडलेत?" मी विचारलं.

"बर्फ झालेत." मग अगदी गंभीर तोंड करून म्हणाले, "आपला तामा असता ना, तर शेगडी बंद करावी लागली नसती."

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू आलं. गाडी तशीच उभी ठेवून मी बराच वेळ रडले. बाबा पुढे बघत बसले होते.

इकुशिमा-सानांना त्यांनी स्वतः फोन केला. पाइन उतरायच्या आदल्या दिवशी. काय बोलणं झालं मला माहीत नाही, दार बंद होतं. वसंतात त्यांचा गेम टोकियोवाल्यांकडे जाहीर झाला, आणि दुकानदारांनी आमचं कपाट पुढून मागे नेलं, मागून कोपऱ्यात, कोपऱ्यातून गोदामात. टोकियोवाल्यांनी किंमत उतरवली. आम्ही उतरवली तर कॅसेटचा खर्चही निघेना. ऑफिसातली माणसं एक एक करून गेली. काही रागावून गेली, काही रडत. त्यांच्या घरच्या लोकांना मी आजही रस्त्यात बघितलं की पलीकडच्या बाजूला जाते. शेवटी कंपनी विकली गेली, नाव तेवढं राहिलं. विकत घेणाऱ्यांनी कुरितानी पहिल्याच महिन्यात बंद केलं. शब्द पाळून बाबांनी गावाला जी वर्षं मिळवून दिली ती मोजली तर हाताच्या बोटांवर येतील.

बाबांनी त्यावर कधी तक्रार केली नाही. त्यांच्यावर लेख आले की चष्मा लावून वाचायचे आणि शुद्धलेखनाच्या चुका काढायचे. कंपनी विकल्याला बरीच वर्षं झाल्यावर, एका शरदात ते गेले. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले, पाहुणे पांगले, आणि दुपारी दारात गेंझो उभा राहिला. नव्वदीला टेकला होता. त्याची नात, तीच, आता नोकरी करणारी, गाडीतच बसून राहिली होती. त्याच्या हातात डबा होता. मी तो घेतला आणि माझं मनगट खाली गेलं.

त्यानं बाबांच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली, घंटा वाजवली, आणि इतका वेळ वाकून राहिला की मला वाटलं याला उठवावं लागेल. मग मी त्याला कोतात्सूशी आणून बसवलं. शेगडी मी सकाळपासून पूर्ण वाढवून ठेवली होती. चहा दिला. तो पेल्यात बघत बोलायला लागला.

"चिगुसा-चान, एक ओझं घेऊन आलोय. त्या वर्षी तुम्ही आला होता, आठवतं? त्याच्या आधी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी गाव देवळात जमलं होतं. वर्तमानपत्र आम्हीही वाचतो. सगळ्यांनी ठरवलं, की छोट्या मालकांना सांगायचं, आमच्यापायी बुडू नका. दिलेला शब्द आम्ही परत देतो, तुम्ही डिस्क काढा. सांगायचं मी, म्हणून हाकामा घालून बसलो होतो."

माझ्या हातातली सुरी थांबली. मी त्याच्याच डब्यातलं योकान कापत होते.

"आणि मग ते झालं. ते यंत्र सुनेच्या माहेरच्यांनी दिलेलं, पोरीला काय कळतं. सुएनं घाईघाईत आत ढकललं. आवाज झाला. आता त्या आवाजावर मी कसं म्हणू, की आमचं काम बंद करा? त्यांना वाटलं असतं, गाव आधीच टोकियोवाल्यांचं झालंय, आता आपल्याला निरोप देतंय. तोंडातून शब्द फुटेना. म्हटलं पुढच्या वेळी सांगू. पुढच्या वेळी लाज आणखी वाढली होती. छोट्या मालकांनी आमच्यासाठी घर जाळून घेतलं, आणि मी चहा पाजत बसलो."

तो रडत नव्हता. मला मात्र बाबांच्या तसबिरीकडे बघवेना. एका खोलीत दोन माणसं, दोघांच्या ओठांवर एकच गोष्ट, आणि मधे एक खेळणं. एवढी वर्षं मला वाटायचं, की बोलायला निघालेला फक्त एक होता. मला दोघांचाही भयंकर राग आला, त्या मेलेल्याचा जास्त.

"एक विचारू?" गेंझो म्हणाला. "ते त्या दिवशी कशासाठी आले होते?"

आयुष्यभर मी हेच म्हणत आले, की आपल्याकडची माणसं बोलत नाहीत म्हणून बुडतात. समोर नव्वदीचा माणूस, विचारत होता. खरं सांगितलं असतं तर त्याला एका दमात कळलं असतं, की त्या दिवशी नुसतं तोंड उघडलं असतं तरी सगळं मिटलं असतं. की एवढी माणसं रस्त्यावर आली ती त्याच्या रजईखालच्या वस्तूमुळे, आणि ती वस्तू जिची, ती बाहेर गाडीत बसली होती. घाटात बाबा काय म्हणाले होते ते मला शब्दन् शब्द आठवलं.

"नव्या वर्षाच्या भेटीला," मी म्हटलं. "दर वर्षी यायचे की. दुसरं काय."

त्यानं मान हलवली. मी योकानचा जाड तुकडा कापून त्याच्यापुढे ठेवला, त्यानं तो सावकाश, दात नसलेल्या बाजूनं चघळून खाल्ला. रजईखाली पाय हलवले, म्हणाला, छान ऊब आहे. निघताना दाराशी त्याचे बूट मी सरळ करून ठेवले. तो एका हातानं भिंत धरून वाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

"त्या दिवशीचा छोट्या मालकांचा डबाही एवढाच जड होता, बघा."

मी त्याला हात धरून गाडीपर्यंत नेलं. नात खाली उतरून वाकली. तिला म्हटलं, थंडी आहे, आजोबांच्या पायांवर काहीतरी घाल.